‘मला आवडते’ आणि ‘मे गुस्ता’ : स्पॅनिश भाषेतील संप्रदान सर्वनामांचा अभ्यास

तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून हा लेख आम्ही आपल्या निवासी विद्यालयातील विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत. स्मरणिकेत व्याकरणाचा पाठ कशाला, असे कोणी विचारील. परकीय भाषा शिकण्याचा मार्ग केवळ इंग्रजीच्या दारातून जातो, हा समज आपल्या मुलांच्या मनात फार खोलवर रुजलेला आहे. तो समज निदान एका बाबतीत कसा चुकीचा आहे, हे एका लहानशा व्याकरणविषयाच्या आधारे दाखवावे, एवढाच आमचा हेतू आहे.

स्पॅनिश ही वीस सार्वभौम देशांची राजभाषा किंवा व्यवहारभाषा असून ती मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांची संख्या ४५ कोटींहून अधिक आहे. ह्या भाषेच्या अभ्यासात प्रारंभीच एक घाट लागतो. ‘मला’, ‘तुला’, ‘त्याला’ ह्या अर्थाची सर्वनामे आणि त्यांच्याबरोबर येणारी ‘आवडणे’, ‘दुखणे’, ‘वाटणे’ अशी क्रियापदे, हा तो घाट होय. इंग्रजीतून शिकणारा विद्यार्थी येथे हटकून अडखळतो. मराठीतून विचार करणाऱ्याने मात्र येथे अडखळण्याचे कारण नाही.

आमची चूक

सुमारे तीस वर्षांपूर्वी, इतिहासाचा अभ्यास करीत असता, दक्षिण अमेरिकेतील वसाहतींविषयी मूळ भाषेतून वाचावे या ओढीने आम्ही शहरातील एका सायंवर्गात नाव घातले. पहिल्याच दिवशी शालेय शिक्षणाचे माध्यम विचारण्यात आले. मराठी माध्यम सांगताच आमची रवानगी मागच्या बाकावर झाली, आणि ज्यांचे इंग्रजी कच्चे त्यांना ही भाषा जमणार नाही, असेही ऐकावे लागले. सर्व स्पष्टीकरण इंग्रजीतून होई. इंग्रजीत ‘मी’ कर्ता आणि ‘कॉफी’ कर्म. म्हणून आम्ही कित्येक महिने ‘यो गुस्तो एल काफे’ असे लिहीत राहिलो. ‘यो’ म्हणजे ‘मी’. हे वाक्य स्पॅनिश माणसाच्या कानाला साधारण ‘मी आवडतो कॉफी’ असे विचित्र लागते. दर वेळी लाल शाईची रेघ येई, आणि आपली बुद्धीच कमी, असे वाटू लागे.

एके रात्री वहीत शुद्ध वाक्य उतरून घेताना त्याखाली आम्ही सहज मराठी शब्द लिहिले :

मे गुस्ता एल काफे.
मला आवडते (ती) कॉफी.

शब्दाखाली शब्द बसला. अडचण स्पॅनिशची नव्हती आणि आमच्या बुद्धीचीही नव्हती. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये असा वळसा आम्ही उगाच घालीत होतो.

उच्चारांविषयी दोन शब्द

येथे स्पॅनिश शब्द लॅटिन अमेरिकेतील उच्चारांना अनुसरून देवनागरीत दिले आहेत. ‘त’ आणि ‘द’ हे आपल्यासारखेच दंत्य आहेत. सर्वनामांचे लेखन मराठी शब्दांसारखे दिसेल, त्यामुळे घोटाळा होऊ देऊ नये. स्पॅनिश ‘ते’ म्हणजे ‘तुला’, आणि स्पॅनिश ‘ला’ म्हणजे, पुढे येईल त्याप्रमाणे, ‘तिला’ किंवा नामापूर्वी येणारे स्त्रीलिंगी उपपद.

सहा सर्वनामे

मे – मला
ते – तुला
ले – त्याला, तिला, किंवा आदराने ‘आपल्याला’ (एक व्यक्ती)
नोस – आम्हाला, आपल्याला (सर्वांना)
ओस – तुम्हाला (जवळिकीने, मुख्यतः स्पेनमध्ये)
लेस – त्यांना. तसेच तुम्हाला, आपणा सर्वांना

येथे चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली : ‘ले’ आणि ‘लेस’ यांत लिंगभेद नाही, पुरुषाला आणि स्त्रीला तोच शब्द. दुसरी : मराठीत ‘आम्हाला’ आणि ‘आपल्याला’ यांत जो सूक्ष्म भेद आहे, ऐकणाऱ्याला धरून किंवा वगळून, तो स्पॅनिशमध्ये नाही, दोहोंसाठी ‘नोस’. तिसरी : आदरार्थी ‘आपण’ यासाठी स्पॅनिशमध्ये ‘उस्तेद’ हा शब्द आहे. तो ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या जुन्या दरबारी संबोधनाचा झिजलेला अवशेष होय. व्यक्तीऐवजी तिच्या ‘कृपे’ला संबोधल्यामुळे क्रियापद तृतीय पुरुषी झाले, आणि सर्वनामही ‘ले’ आले.

चौथी गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे. मराठीत आदर दाखविण्यासाठी एका व्यक्तीलाही आपण ‘त्यांना’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये अशा ठिकाणी अनेकवचन येत नाही. ‘बाबासाहेबांना पुस्तके आवडत’ हे वाक्य ‘आ बाबासाहेब ले गुस्ताबान लोस लिब्रोस’ असे होईल, ‘लेस’ नव्हे. यात अनादर नाही, ती त्या भाषेची रीत आहे.

‘गुस्तार’ : आवडणे

‘गुस्तार’ म्हणजे ‘आवडणे’. मराठीत आवडणारी वस्तू ही कर्ता असते आणि ज्याला ती आवडते तो ‘ला’ प्रत्यय घेतो. क्रियापद वस्तूप्रमाणे बदलते :

मला आंबा आवडतो. – मे गुस्ता एल मान्गो.
मला आंबे आवडतात. – मे गुस्तान लोस मान्गोस.
मला वाचायला आवडते. – मे गुस्ता लेएर.

वस्तू एक तर ‘गुस्ता’, अनेक तर ‘गुस्तान’. मराठीत आवडतो, आवडते, आवडतात असे लिंगानुसारही रूप बदलते. स्पॅनिशमध्ये ते ओझे नाही, केवळ वचन पाहावे. कृती आवडत असेल तर, एकाहून अधिक कृती असल्या तरी, ‘गुस्ता’ हेच रूप राहते : ‘मे गुस्ता लेएर इ कान्तार’, मला वाचायला आणि गायला आवडते.

आता हे वाक्य पाहा : ‘आ लोस निन्योस लेस गुस्ता ला लेचे’, मुलांना दूध आवडते. मुले अनेक, म्हणून ‘लेस’. दूध एक, म्हणून ‘गुस्ता’. इंग्रजीच्या सवयीने विचार करणारा येथे ‘गुस्तान’ लिहितो. मराठीत ‘मुलांना दूध आवडतात’ असे पहिलीचे मूलही म्हणत नाही. जो नियम पाठ्यपुस्तके दोन पाने घेऊन समजावतात, तो आपल्या मुखात बालपणापासून आहे.

काळ बदलला तरी हे नाते टिकते. ‘मे गुस्तारोन लोस लिब्रोस’ म्हणजे मला पुस्तके आवडली. ‘मे गुस्तारीआ लेएर’ म्हणजे मला वाचायला आवडेल. नम्रपणे इच्छा सांगण्याची ही रीत दोन्ही भाषांत एकच आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. व्यक्तीविषयी ‘मे गुस्तास’ (तू मला आवडतोस, आवडतेस) म्हटल्यास त्यात बहुधा प्रीतीचा अर्थ येतो. शिक्षक किंवा मित्र माणूस म्हणून बरा वाटतो, हे सांगायचे असेल तर ‘मे काए ब्येन’ असे म्हणावे.

‘आ मी’ : मला स्वतःला, मला मात्र

वर ‘आ लोस निन्योस लेस’ अशी दुहेरी रचना आली. ‘मुलांना त्यांना’ अशी ती पुनरुक्ती वाटेल. पण ‘गुस्तार’सारख्या क्रियापदांबरोबर ती आवश्यक आहे. व्यक्तीचे नाव घेतले तरी सर्वनाम गाळता येत नाही : ‘आ रमा ले गुस्ता एल काफे’. तसेच ‘ले’ म्हणजे त्याला, तिला की आपल्याला, हे स्पष्ट करण्यासाठी ‘आ एल’, ‘आ एया’, ‘आ उस्तेद’ असे शब्द जोडतात.

‘मे’च्या आधी ‘आ मी’ आले की भर येतो. ‘आ मी मे गुस्ता’ म्हणजे ‘मला तर आवडते’. संभाषणात ही रचना फार उपयोगी पडते. कोणी म्हणाले, ‘मे गुस्ता एल काफे’, तर उत्तर द्यावे :

आ मी ताम्ब्येन. – मलाही.
आ मी नो. – मला नाही.

आणि कोणी ‘नो मे गुस्ता’ असे म्हटल्यास ‘आ मी ताम्पोको’, म्हणजे ‘मलाही नाही’. इंग्रजीच्या वळणाचा विद्यार्थी येथे ‘यो ताम्ब्येन’, म्हणजे ‘मीही’, असे बोलून जातो. ‘मला चहा आवडतो’ यावर ‘मीही’ असे उत्तर मराठी मनुष्य देणार नाही.

त्याच घरातील इतर क्रियापदे

‘गुस्तार’च्या चालीने चालणारी क्रियापदे पुष्कळ आहेत. नेहमी लागणारी काही अशी :

एन्कान्तार – अतिशय आवडणे : मे एन्कान्ता कान्तार, मला गायला फार आवडते.
पारेसेर – वाटणे : मे पारेसे ब्येन, मला बरे वाटते, पटते.
इन्तेरेसार – रस वाटणे : नोस इन्तेरेसा ला इस्तोर्या, आम्हाला इतिहासात रस आहे.
फाल्तार – कमी असणे : मे फाल्ता उन लिब्रो, मला एक पुस्तक कमी आहे.
इम्पोर्तार – महत्त्वाचे वाटणे : नो मे इम्पोर्ता, मला त्याचे काही नाही.
दोलेर – दुखणे : मे द्वेले ला काबेसा, माझे डोके दुखते.

‘दोलेर’पाशी थोडे थांबावे. मराठीत आपण ‘माझे डोके’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये ‘मला दुखते ते डोके’ अशी रचना येते. शरीराच्या अवयवास ‘माझे’, ‘तुझे’ न लावता साधे उपपद लावतात. पाय दुखत असतील तर ‘मे द्वेलेन लोस प्येस’. पाय दोन, म्हणून क्रियापद अनेकवचनी.

भावना सांगताना ‘दार’ (देणे) हे क्रियापद येते : ‘मे दा म्येदो’, मला भीती वाटते, ‘मे दा रीसा’, मला हसू येते, ‘मे दा बेर्ग्वेन्सा’, मला लाज वाटते. अमुक गोष्ट ‘मला भीती देते’ अशी ही मांडणी आहे. आपण ‘वाटणे’ आणि ‘येणे’ वापरतो, ते ‘देणे’ वापरतात. परंतु भावना अनुभवणारा दोन्हीकडे ‘मला’ असाच येतो.

भावना ही ‘मी’ने केलेली कृती नसून स्पर्शातून उद्भवणारी वेदना आहे, हे प्रतीत्यसमुत्पादाचा पाठ घेतलेल्या आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्यांना ही रचना जवळची वाटेल. तरी व्याकरणातून धम्माचा सिद्धांत काढण्याचा मोह आवरावा. भाषेची रीत निराळी आणि विचाराने प्राप्त केलेले ज्ञान निराळे.

देणे, सांगणे, शिकविणे

आता संप्रदानाचा मूळ अर्थ पाहू. ज्याला काही द्यायचे, सांगायचे, लिहायचे, शिकवायचे, त्याच्यासाठी हीच सर्वनामे येतात. दार (देणे), देसीर (सांगणे), एस्क्रिबीर (लिहिणे), एन्सेन्यार (शिकविणे), एक्स्प्लिकार (समजावणे), प्रेगुन्तार (विचारणे), पेदीर (मागणे), प्रेस्तार (उसने देणे), देबेर (देणे लागणे) ही क्रियापदे वहीत उतरून घ्यावीत.

ले दोइ एल लिब्रो आ रमा. – मी रमाला पुस्तक देतो.
एल माएस्त्रो नोस एन्सेन्या ला इस्तोर्या. – गुरुजी आम्हाला इतिहास शिकवितात.

‘विचारणे’ आणि ‘मागणे’ यांना इंग्रजीत बहुधा एकच शब्द पुरतो, म्हणून तेथून येणारा गोंधळतो. मराठीत व स्पॅनिशमध्ये हे दोन शब्द वेगळे आहेत. फरक इतकाच, की मराठीत आपण ‘त्याच्याकडे मागतो’, तर स्पॅनिशमध्ये तेथेही ‘ले’ : ‘ले पिदो उन लिब्रो’.

सर्वनामाचे स्थान असे : चालू वाक्यात ते क्रियापदाच्या लगेच आधी येते. आज्ञेत ते क्रियापदास मागून चिकटते : ‘दामे एल लिब्रो’, मला पुस्तक दे. नकार आला की पुन्हा आधी जाते : ‘नो मे देस एल लिब्रो’, मला पुस्तक देऊ नकोस. ‘देण्याची इच्छा आहे’ अशा जोडरचनेत दोन्ही स्थाने चालतात : ‘क्येरो दार्ले एल लिब्रो’ किंवा ‘ले क्येरो दार एल लिब्रो’.

वस्तूसाठीही सर्वनाम वापरल्यास व्यक्ती आधी, वस्तू नंतर : ‘मे लो दास’, तू मला ते देतोस. परंतु ‘ले लो’ असे कधीही म्हणत नाहीत. तेथे ‘ले’ आणि ‘लेस’ या दोहोंचा ‘से’ होतो : ‘से लो दोइ’, मी ते त्याला, तिला किंवा त्यांना देतो. जुन्या स्पॅनिशमधील एका निराळ्या रूपाचा उच्चार बदलत जाऊन हा ‘से’ झाला. दोन ‘ल’ एकापुढे एक आले की पहिला ‘से’, एवढे सूत्र लक्षात ठेवावे.

देणारा आणि हिरावणारा

‘ले’ आणि त्याची भावंडे केवळ घेणाऱ्यासाठी येत नाहीत. ज्याच्यापासून काही काढून घेतले, त्याच्यासाठीही तीच येतात. ‘ले दिएरोन ला त्येर्रा’ म्हणजे त्याला जमीन दिली. ‘ले कितारोन ला त्येर्रा’ म्हणजे त्याची जमीन काढून घेतली. मराठीत ‘त्याला’ आणि ‘त्याची’ असा फरक पडतो. स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे ‘ले’. ज्याच्यावर कृतीचा परिणाम झाला तो, एवढाच या सर्वनामाचा व्यापक अर्थ आहे.

वर्गात हा भाग शिकविताना आम्ही एक वाक्य फळ्यावर लिहितो : ‘नोस नेगारोन एल आग्वा’. आम्हाला पाणी नाकारले. विद्यार्थी ‘नोस’ ओळखतात, ‘आग्वा’ म्हणजे पाणी हेही ओळखतात. मग आम्ही विचारतो, कर्ता कोठे आहे? ‘नेगारोन’ या रूपात ‘त्यांनी’ एवढेच दडलेले आहे, नाव नाही. मराठीत ‘नाकारण्यात आले’ म्हटल्यावर तेच होते. व्याकरणाला असे वाक्य पूर्ण वाटते, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तेथे थांबू नये. पाणी कोणी नाकारले आणि कोणत्या आधारावर नाकारले, हे विचारलेच पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा ‘आम्हाला कोणी द्यावे’ अशी वाट पाहणारे वाक्यच त्यांनी पुसून टाकले. तेथे आपण ‘नोस’ राहिलो नाही, कर्ता झालो.

मराठी भाषकाने कोठे जपावे

मातृभाषेचा पूल भक्कम असला तरी तो सर्वत्र पोहोचत नाही. तीन ठिकाणी आपलीच सवय आपल्याला चकविते.

पहिले स्थळ : मराठीत ‘ला’ हा प्रत्यय द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही विभक्तींचा आहे. ‘मी तिला पाहतो’ आणि ‘मी तिला पुस्तक देतो’ यांत आपण फरक करीत नाही. स्पॅनिश करते. पाहिली जाते ती व्यक्ती कर्म आहे, म्हणून ‘ला बेओ’. पुरुष असल्यास ‘लो बेओ’. पुस्तक ज्याला मिळते ती व्यक्ती संप्रदान आहे, म्हणून ‘ले दोइ एल लिब्रो’. ओळखण्याची खूण सोपी आहे. वाक्याला ‘काय?’ असे विचारावे. काय देतो? पुस्तक. मग उरलेल्या ‘कोणाला?’चे उत्तर ‘ले’. ‘काय पाहतो?’ याचे उत्तर ती व्यक्तीच असेल, तर ‘लो’ किंवा ‘ला’. स्पेनमध्ये पुरुषाबद्दल ‘लो’च्या जागी ‘ले’ही म्हणतात व तेथील अकादमी ते मान्य करते, शिकणाऱ्याने मात्र आधी भेद पक्का करावा.

नाव घेतल्यास दोन्ही भाषांत एक सुंदर साम्य आढळते. ‘मी पुस्तक पाहतो’ पण ‘मी रमाला पाहतो’. निर्जीवास प्रत्यय नाही, व्यक्तीस आहे. स्पॅनिशमध्येही ‘बेओ एल लिब्रो’, पण ‘बेओ आ रमा’.

दुसरे स्थळ : मराठी भूतकाळात क्रियापद कर्माकडे वळते. मी रमाला पुस्तक दिले, वही दिली, पुस्तके दिली. स्पॅनिशमध्ये देणारा ‘मी’ असेतोवर ‘दी’ हेच रूप : ‘ले दी एल लिब्रो’, ‘ले दी लोस लिब्रोस’.

तिसरे स्थळ : मराठीतील प्रत्येक ‘मला’ स्पॅनिशमध्ये ‘मे’ होत नाही. ‘मला भूक लागली’ हे ‘तेन्गो आम्ब्रे’, म्हणजे ‘माझ्यापाशी भूक आहे’. ‘मला ताप आहे’ हे ‘तेन्गो फ्येब्रे’. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे ‘तेन्गो दोस एर्मानोस’. ‘मला पाणी हवे’ हे ‘क्येरो आग्वा’, आणि ‘मला समजते’ हे ‘एन्त्येन्दो’. भूक, ताप, नाती यांसाठी ‘तेन्गो’. हवे आणि समजणे यांसाठी सरळ ‘मी’ कर्ता, असा कप्पा मनात करून ठेवावा.

पालीची साक्ष

मराठीची ही रीत एकाकी नाही. हिंदी, गुजराती, तमिळ, कन्नड अशा आपल्या देशातील अनेक भाषांत आवडणारा मनुष्य ‘ला’च्या अर्थाचा प्रत्यय घेतो. इंग्रजीतही पूर्वी अशा रचना होत्या. काळाच्या ओघात त्या लोपल्या. तेव्हा इंग्रजीची आजची रीत हाच भाषेचा सर्वमान्य नियम, असे समजण्याचे कारण नाही.

आपल्या विद्यालयात पाली शिकणाऱ्यांना आणखी जवळचा आधार आहे. पालीत ‘रुच्चति’ (रुचते) या क्रियापदाबरोबर व्यक्ती चतुर्थीत येते. कच्चायनाच्या पाली व्याकरणात संप्रदानाची व्याख्या करताना तीन गोष्टी एकाच सूत्रात गुंफल्या आहेत : ज्याला द्यावयाची इच्छा आहे तो, ज्याला रुचते तो, आणि ज्याचे देणे लागते तो. स्पॅनिशमधील दार, गुस्तार आणि देबेर ही तीन क्रियापदे नेमकी याच तीन जागी बसतात. जो विद्यार्थी हे सूत्र समजला, त्याला या पाठाचा सांगाडा आधीच मिळाला आहे.

बाबासाहेबांना शालेय वयात संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही अस्पृश्य म्हणून ती नाकारण्यात आली आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने आत्मसात केली. त्यांनी सिद्ध केलेले पाली व्याकरण आणि शब्दकोश त्यांच्या ‘लेखन आणि भाषणे’ या मालेच्या १६व्या खंडात प्रसिद्ध आहेत. ज्याला भाषेच्या दाराबाहेर उभे केले, त्याने भाषेचा कोश रचला. हे स्मरण ठेवून आपण कोणत्याही भाषेपुढे उभे राहावे.

एका विद्यार्थ्याविषयी

काही वर्षांपूर्वी वसतिगृहात विदर्भातून आलेला एक विद्यार्थी होता. घरातील शिकणारा तो पहिलाच. ‘मले’, ‘तुले’, ‘त्याले’ असे तो बोले, आणि इतर मुले हसत. त्यामुळे वर्गात त्याने बोलणेच टाकले होते. रविवारच्या स्पॅनिश वर्गात आम्ही फळ्यावर ‘ले’ लिहून अर्थ विचारला. मागून हळूच आवाज आला, “सर, त्याले?” आम्ही म्हटले, “बरोबर. पुन्हा मोठ्याने सांग.” वर्ग हसला नाही. वऱ्हाडीचा ‘ले’ आणि स्पॅनिशचा ‘ले’ हा केवळ योगायोग आहे, त्यांत नाते नाही, हे आम्ही तेव्हाच सांगितले. पण त्या मुलाचा ‘ले’ त्यानंतर कधी चुकला नाही, आणि तो बोलू लागला. आपली बोली ही लपविण्याची गोष्ट नाही, हे त्याच्याबरोबर आम्हीही त्या दिवशी नव्याने शिकलो. त्याने स्वतः रचलेले पहिले वाक्य असे होते : ‘नो मे दा बेर्ग्वेन्सा आब्लार माराती’. मला मराठी बोलायला लाज वाटत नाही.

स्वाध्याय

पुढील वाक्ये स्पॅनिशमध्ये लिहा. उत्तरे झाकून ठेवावीत.

१. मला इतिहास आवडतो.
२. तुला पुस्तके आवडतात का?
३. मुलींना गायला आवडते.
४. आमचे पाय दुखतात.
५. मी रमाला पुस्तके दिली.
६. मी तिला पाहतो.
७. मी ते (पुस्तक) तिला देतो.
८. मला भूक लागली आहे.
९. आम्हाला पाणी द्या. (एका व्यक्तीस, आदराने)
१०. बाबासाहेबांचे आम्ही फार ऋणी आहोत.

उत्तरे : १. मे गुस्ता ला इस्तोर्या. २. ते गुस्तान लोस लिब्रोस? ३. आ लास निन्यास लेस गुस्ता कान्तार. ४. नोस द्वेलेन लोस प्येस. ५. ले दी लोस लिब्रोस आ रमा. ६. ला बेओ. ७. से लो दोइ. ८. तेन्गो आम्ब्रे. ९. देनोस आग्वा. १०. आ बाबासाहेब ले देबेमोस मूचो.

शेवटच्या वाक्यातील ‘ले’ हा कच्चायनाच्या सूत्रातील तिसरा, ज्याचे देणे लागते तो. हे देणे कसे फेडावे, हे प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः ठरवावे. आपल्याला जे शिकता आले, ते ज्याला अजून शिकता आलेले नाही त्याला शिकविणे, हा त्याचा एक मार्ग आहे; आणि तेथेही सर्वनाम ‘ले’च लागते.

जय भीम! नमो बुद्धाय!